गादी सोडली, खुर्ची सोडली नाही : वारसा देऊन झाल्यावर देणाऱ्याने बसायचं कुठे?

तापीकाठ
राम राम मंडळी. विषय घरचाच आहे, पण बऱ्याच घरांतला निघेल असं वाटतं.

चोपड्याला आमचं कृषी सेवा केंद्र. नानांनी (वडील) ३१ वर्षं चालवलं. मी बी.एस्सी. ॲग्री करून पुण्यात ९ वर्षं नोकरी केली, दोन वर्षांपूर्वी परत आलो. दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन झालं आणि नानांनी गल्ल्याची किल्ली माझ्या हातावर ठेवली. आईने ओवाळलं, पेढे वाटले. "आता तू बघ, मी मोकळा."

दुसऱ्या दिवशी साडेआठला दुकान उघडायला गेलो तर नाना माझ्या आधी हजर. गादीवर बसले नाहीत, शब्दाला पक्के. गादीच्या उजव्या अंगाला प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि तिच्यावर बसले. आता गुढीपाडवाही झाला, खुर्ची तिथेच आहे. बोलत काही नाहीत. गिऱ्हाईक मला विचारतं, "दहा सव्वीस सव्वीस खताची बॅग केवढ्याला?" मी भाव सांगतो. गिऱ्हाईक नानांच्या मानेकडे बघतं. मान हलली की सौदा पक्का.

उधारीची लाल वही अजून त्यांच्याच पिशवीत. त्यात निम्मी नावं खुणांची. एका पानावर नुसतं "लंगडा बैल – ४२००" लिहिलंय. कोणाचा बैल, कोणत्या गावचा, ते नाना जाणोत.

राग नाही हो मला. पण कापसाच्या बियाण्याचा हंगाम दोन महिन्यांवर आलाय आणि दुकानात मालक दोन की एक, हे मलाच कळेना. क्रिकेटमध्ये, राजघराण्यांत, मोठ्या कंपन्यांत हे रोज घडतं. तिथे जुना माणूस कुठे बसतो?

केळीचा_घड
लंगडा बैल हाच खरा वारसा. दुकान गेलं तरी चालेल, बैल सांभाळा.

चौथी_स्लिप
तुमचं दुकान म्हणजे २०२२च्या आयपीएलमधली चेन्नई आहे. हंगाम दोन दिवसांवर असताना धोनीने कप्तानी जडेजाला दिली. पण धोनी उभा कुठे? यष्टीमागे. म्हणजे तुमच्या नानांचीच खुर्ची. गोलंदाज चेंडू टाकायच्या आधी बघणार कोणाकडे, सांगा. ८ सामन्यांत ६ हरले आणि जडेजाने कप्तानी परत धोनीच्या हातात दिली. त्या वर्षी त्याची फलंदाजीही गेली, गोलंदाजीही गेली.

तात्पर्य, नानांना महिनाभर चारधामला पाठवा.

तापीकाठ
@चौथी_स्लिप, पाठवलं होतं. चारधाम नाही, पंढरपूर. चौथ्या दिवशी फोन : "युरियाची गाडी लागली का?"

काळी_माती
मला हा धागाच पटला नाही. बापाने बसायचं कुठे म्हणजे काय? त्याचं दुकान आहे, तो पाहिजे तिथे बसेल. ३१ वर्षं त्या मानेवर शेतकऱ्याने भरवसा ठेवलाय, तो तुम्हाला पाच महिन्यांत पाहिजे? खोटं बियाणं निघालं तर शेतकरी तुमच्या डिग्रीकडे येणार नाही, नानांच्या दारात येणार. जोखीम ज्याच्या नावावर, मान त्याची.

हिशोबनीस
@काळी_माती यांनी नकळत मुद्द्याला हात घातला. जोखीम कोणाच्या नावावर? तापीकाठ, दुकान प्रोप्रायटरशिप आहे का? असेल तर जीएसटी नोंदणी नानांच्या पॅनला बांधलेली आहे. किल्ली दिली, पेढे वाटले, याने ती तुमच्याकडे येत नाही. तुमच्या नावाने नवी नोंदणी घ्यावी लागते, मग आयटीसी-०२ फॉर्म भरून खरेदीवर भरलेल्या कराचं शिल्लक क्रेडिट तुमच्याकडे वळतं. खत, बियाणं, कीटकनाशक यांचे परवाने वेगवेगळे, तेही बघा. कीटकनाशकाला शिक्षणाची अट आहे, ती तुमची पूर्ण होते.

माझ्याकडे अशी निदान दहा घरं येतात. पेढे वाटून झालेत, कागद जुनेच. आणि मग एक दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात सह्या घ्यायला धावतात.

तापीकाठ
परवाने अजून नानांच्याच नावावर आहेत. हा विषय काढायला जीभ रेटत नाही.

जुना_ट्रान्झिस्टर
चेन्नईचं उदाहरण ठीक, पण त्याच्या फार आधीची गोष्ट सांगतो, तिच्यात खेळ आणि राजघराणं दोन्ही आहे. पतौडी. वडील, म्हणजे थोरले नवाब, वारले तो दिवस पोराच्या ११ व्या वाढदिवसाचा, ५ जानेवारी १९५२. अकराव्या वर्षी नवाब. पुढे १९६२ला वेस्ट इंडिजमध्ये नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला चेंडू लागला आणि २१ व्या वर्षी हा कप्तान झाला. म्हणजे दोन्ही गाद्या अपघाताने आल्या, मागायला गेला नव्हता.

आणि दोन्ही गेल्या, त्याही एकाच वर्षी. १९७१च्या सुरुवातीला निवड समितीत मतं सारखी पडली, विजय मर्चंट यांनी अध्यक्षाचं मत टाकलं आणि कप्तानी अजित वाडेकरांकडे गेली. वाडेकरांनी त्या वर्षी वेस्ट इंडिजला त्यांच्या घरात हरवलं, इंग्लंडलाही त्यांच्या घरात हरवलं. वर्ष संपता संपता सरकारने संस्थानिकांचे तनखे आणि पदव्या रद्द केल्या. नवाब पतौडीचा मन्सूर अली खान झाला.

आता खरी गोष्ट. १९७२-७३ला इंग्लंडचा संघ इकडे आला तेव्हा तोच माणूस वाडेकरांच्या हाताखाली खेळायला आला. मद्रासला ७३ काढले. आमच्या वाड्यात रेडिओ एकच, बाकी सगळे वाडेकरांचे म्हणून खूश. माझे काका मात्र म्हणाले होते, "कप्तान होणं सोपं, कप्तान होऊन परत नुसता फलंदाज होणं बघा." मी तेव्हा दहा वर्षांचा, मला काही कळलं नव्हतं.

चौथी_स्लिप
_/\_ ट्रान्झिस्टरकाका.

अहिरानी_पोऱ्या
काय सांगू भो, आमना घरमा बी हाईच शे. चावी बापना कंबरले, दुकान पोऱ्याना नावले.

उडदाचा_पापड
तुम्ही पुरुष मंडळी गादी-गादी करताय. आमच्याकडे गादी म्हणजे खापर, पुरणपोळी भाजायचं मातीचं भांडं.

लग्न होऊन धुळ्यात आले तेव्हा पुरणपोळीचा दिवस म्हणजे सासूबाईंचा दरबार. मी पुरण वाटायचं, कणीक तिंबायची, चुलीत काड्या सारायच्या. पोळी हातावर फिरवून खापरावर टाकायची ती त्यांनीच. अकरा वर्षं मी खापराला हात लावला नाही. मग एका बैलपोळ्याला त्यांचं मनगट मोडलं आणि घरात चौदा माणसं जेवायला. सासूबाई खुर्चीवर, हात गळ्यात बांधलेला, मी चुलीपुढे. पहिल्या दोन पोळ्या फाटल्या. तिसरी फाटणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मी आत जाते, मी दिसले की तुझी कोपरं आखडतात." आणि खरंच उठून गेल्या. तिसरी आली नीट.

त्यामुळे नानांनी बसायचं कुठे, याचं माझं उत्तर आतल्या खोलीत. पण ते त्यांना स्वतःला सुचलं पाहिजे. तुम्ही सांगितलंत तर भांडण.

केळीचा_घड
खापराच्या पोळीबरोबर आमरस की दूध? धागा भरकटवतोय, माफी.

उडदाचा_पापड
आमरस. यावर चर्चा नाही.

अहिरानी_पोऱ्या
रसच. दूध म्हणनारले वाळीत टाका.

इतिहासाचं_वेड
राजघराण्यांचं विचारलंत म्हणून. लांब कशाला जाता, आपल्या तापीकाठचंच थाळनेर. खानदेशच्या फारुकी घराण्याची पहिली राजधानी. मूळ पुरुष मलिक राजा १३९९ला वारला, तेव्हा दोन पोरांची सोय करून गेला. थोरल्या नासीरला लळिंग, धाकट्याला थाळनेर. वाटणी करून बापाला वाटलं असेल, झालं आता. १४१७ला थोरल्याने माळव्याची फौज आणून धाकट्याचं थाळनेर घेतलं.

पुढे त्या घराण्याने धडा घेतला तो असा, की गादीवर एक बसायचा आणि घराण्यातले बाकीचे पुरुष अशीरगडावर बंदोबस्तात ठेवायचे. गरज पडली की त्यातला एक बाहेर काढायचा. खाणंपिणं, बायकामुलं सगळं गडावर. राज्यकारभार बघायला मिळायचा नाही. अकबराने १६०१ला अशीरगड घेतला तेव्हा हे असे वारस गडावरच होते.

आमच्या ओळखीच्या एका जिनिंगवाल्याने दोन पोरांना चाळिशीपर्यंत असंच ठेवलं. गाडी दिली, बंगला दिला, बँकेच्या चेकवर सही दिली नाही.

भुसावळ_जंक्शन
रेल्वेतून निवृत्त. २२ वर्षं गाडी चालवली, मग लोको इन्स्पेक्टर झालो. त्या कामात दुसऱ्याच्या केबिनमध्ये उभं राहायचं, बघायचं आणि हात लावायचा नाही. पहिल्याच आठवड्यात जी गाडी मिळाली ती चालवायला माझाच जुना असिस्टंट. पोरगा चांगला. पण रुळाकडेला "सी/फा"ची पिवळी पाटी दिसली (पुढे फाटक आहे, शिट्टी द्या) की माझा हात आपोआप हॉर्नकडे. दोनदा आमचे हात एकमेकांवर आपटले. तो बिचारा काही बोलला नाही, कान मात्र लाल.

मग मी एक केलं. केबिनमध्ये चढलो की डाव्या हातात वही, उजव्यात पेन. दोन्ही हात गुंतले. वहीत लिहायचो काय? पहिले काही दिवस नुसते किलोमीटरच्या खांबांचे आकडे.

नानांच्या हातात काहीतरी द्या. रिकाम्या हाताने माणसाला गप्प बसवत नाही, मान हलतेच.

काळी_माती
जंक्शनसाहेब, हे पटलं.

अमळनेरकर
खुर्ची टाकून बसणारा बाप असणं हे भाग्य, असंही एक बघा. आमच्या गावचीच गोष्ट. २९ डिसेंबर १९४५ला इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स सुरू झाली. वनस्पती तूप आणि त्याच्या उरल्यासुरल्यातून ७८७ नावाचा धुण्याचा साबण. १९६६च्या ऑगस्टमध्ये मालक मोहम्मद हाशम प्रेमजी अचानक वारले. पोरगा २१ वर्षांचा, स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होता. शिक्षण अर्धं टाकून आला. शेजारी खुर्ची नाही, मान हलवणारं कोणी नाही. तो अझीम प्रेमजी आणि ती कंपनी विप्रो. तुपातून संगणकात गेली, पण तुपाचा कारखाना अमळनेरातच राहिला. इथल्या ज्यांनी तेव्हा शेअर घेऊन ट्रंकेत टाकले आणि विसरले, त्यांच्या घरांबद्दल गावात अजून बोललं जातं. आमच्या आजोबांनी घेतले नव्हते. त्यांनी म्हैस घेतली.

त्याच प्रेमजींनी स्वतः ५३ वर्षांनी, २०१९च्या जुलैत, अध्यक्षपद रिशादला दिलं. रिशाद आधी बारा वर्षं कंपनीत काम करत होता. बापाला जे मिळालं नाही ते पोराला मिळालं.

केळीचा_घड
म्हैस दूध तरी देते. @उडदाचा_पापड, ऐकताय ना, दूध.

सातपुड्याची_लेक
सगळा धागा वाचला. बाप, पोरगा, पोरगा, बाप. मध्ये एक खापर आलं तेवढंच. तापीकाठ, तुम्हाला बहीण आहे का?

आमचं मेडिकल होतं. फार्मसी मी शिकले, वडिलांबरोबर सहा वर्षं काउंटरवर मी उभी राहिले, कोणाला शुगरची कोणती गोळी लागते ते मला तोंडपाठ. दुकान गेलं भावाकडे, जो आजही इनव्हॉइस उलटा धरतो. २००५पासून वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकाइतका हक्क आहे, हे मला माहीत आहे, वडिलांनाही माहीत होतं. आमचं दुकान वडिलांनी स्वतः उभं केलेलं, त्यामुळे कोर्टाचं नाव मी काढलं नाही. पण "वारस" म्हटलं की डोळ्यांपुढे जो उभा राहतो तो आधीच ठरलेला असतो.

तापीकाठ
ताई, बहीण आहे, नाशिकला. तिला आजवर विचारलं नाही, हे खरं. आज फोन करतो.

इतिहासाचं_वेड
लेकींवरून आठवलं. बडोद्याची गादी कोणाला द्यायची ते १८७५ला एका विधवेने ठरवलं, महाराणी जमनाबाईंनी. मल्हाररावांना इंग्रजांनी पदच्युत केलं होतं, दत्तक घ्यायचा होता. आपल्या खानदेशातल्या कवळाण्याहून तीन भाऊ नेले आणि मधला गोपाळ निवडला, १२ वर्षांचा. तेच सयाजीराव महाराज.

चौथी_स्लिप
कवळाणं मालेगाव तालुक्यात. म्हणजे नाशिक जिल्हा. खानदेशात कशाला ओढता?

अहिरानी_पोऱ्या
जठे अहिरानी तठे खानदेश. इषय संपना.

इतिहासाचं_वेड
पोऱ्याशी सहमत. पण मुद्दा पुढेच आहे. २७ मे १८७५ला दत्तक झाला, पूर्ण अधिकार मिळाले २८ डिसेंबर १८८१ला. मधली साडेसहा वर्षं राज्य दिवाण टी. माधवरावांनी चालवलं आणि पोराला फक्त शिकवलं. म्हणजे त्या काळात बडोद्यातही गादी आणि खुर्ची अशा दोन जागा होत्या. फरक एवढाच की खुर्ची कधी उठणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तापीकाठ, तुमच्या पाडव्याला तारीख ठरली का? किल्ली दिली, पण "अमुक दिवसापासून मी दुकानात नाही" असं कोणी म्हणालं का?

हिशोबनीस
हे बरोबर. आणि तारीख ठरली तरी वरच्याने परत यायचं नाही हेही ठरलं पाहिजे. टाटांकडे डिसेंबर २०१२ला सायरस मिस्त्री आले, २४ ऑक्टोबर २०१६ला काढले, रतन टाटा ७८ व्या वर्षी पुन्हा हंगामी अध्यक्ष. कोण बरोबर यावर मला भांडायचं नाही, सर्वोच्च न्यायालयाने निकाल टाटांच्या बाजूने दिला. पण पुढचा अध्यक्ष शोधताना मात्र घरातच शिकाऊ उमेदवारीपासून वाढलेला माणूस घेतला, चंद्रशेखरन.

चौथी_स्लिप
थोडी माघार घेतो. चारधामचं मी थट्टेत म्हणालो होतो, पण धोनीचंच दुसरं उदाहरण माझ्या उत्तराच्या उलटं जातं. जानेवारी २०१७ला त्याने एकदिवसीयची कप्तानी सोडली आणि अडीच वर्षं कोहलीच्या हाताखाली खेळला. शेवटच्या षटकांत कोहली सीमारेषेवर पळायचा आणि क्षेत्ररक्षक हलवायचा धोनी. यष्टीमागेच होता की तेव्हाही! पण गोंधळ झाला नाही. नाणेफेक, संघ, गोलंदाज कोण, हे कोहलीचं. रिव्ह्यू घ्यायचा का आणि शेवटच्या षटकांत कोण कुठे उभा, हे धोनीला विचारून. कोहलीने ते स्वतःहून दिलं होतं.

आणि सचिनही. २७ मार्च १९९४, ऑकलंड, सिद्धूची मान आखडली म्हणून सलामीला गेला, ४९ चेंडूंत ८२. तोवर तो मधल्या फळीत होता. तोच माणूस, जागा बदलली फक्त.

काळी_माती
म्हणजे नानांना सलामीला पाठवायचं.

चौथी_स्लिप
वसुलीला. लाल वही घेऊन.

भुसावळ_जंक्शन
दोन्ही हात गुंतले. :)

तापीकाठ
(पाच आठवड्यांनी)
सगळ्यांना आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) शुभेच्छा, उशिरा का होईना. काय झालं ते सांगतो, कारण तुम्ही विचारणार.

आखाजीला आमच्या शेतातल्या सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं) साल संपलं. हिशोब करून नवं साल ठरवत होतो, नानाही होते. पैसे मोजून झाल्यावर नाना त्याला म्हणाले, "तुन्हं साल भरनं, मन्हं बी भरनं." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. रात्री जेवताना मीच विषय काढला. वेडभाऊंनी विचारलं होतं तसं विचारलं : तारीख कोणती? नाना म्हणाले, मृग. मृग लागला की मी दुकानात नाही. हिशोबनीस, कागद तुमच्या एका भाऊबंदाकडे दिलेत, नाना स्वतः सही करायला आले. परवान्यांचा विषय काढायला मी इतके महिने घाबरलो होतो, ते म्हणाले, "मी वाट बघत होतो तू कधी विचारतोस." बहिणीशी बोललो. तिला दुकान नको, पण कोणी विचारलं नाही याचा राग होता, आहे. तो चालू राहील बहुतेक.

भाव मी ठरवतो. उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे नाना. हा कोहलीचा कायदा. रोज सकाळी ते मोटारसायकल काढतात, दोन गावं करतात, लाल वही पिशवीत. संध्याकाळी ते वाचतात आणि मी मोबाइलमध्ये टाकतो. आतापर्यंत अर्धी झाली. काही पानांवर रक्कम कमी आणि गोष्ट जास्त निघते, एका नावाला तासभर लागला.

खुर्ची मात्र गेली नाही. समोरच्या निंबाखाली गेली. उन्हातून आलेलं गिऱ्हाईक आधी तिथे थांबतं, पाणी पितं, मग दुकानात येतं. तिथे काय बोलणं होतं ते मला कळत नाही. परवा एक जण आला आणि मी भाव सांगायच्या आधीच "हो, माहीत आहे" म्हणाला.

आणि लंगडा बैल. नानांना दोन दिवस विचार करूनही आठवला नाही. मी म्हटलं, खोडू का? म्हणाले, "खोडू नको. येईल कोणी."

अहिरानी_पोऱ्या
नाना जिंदाबाद.

उडदाचा_पापड
निंबाखाली म्हणजे आतल्या खोलीपेक्षा वाईटच जागा निवडली त्यांनी. आता तुम्हाला मानही दिसणार नाही.

केळीचा_घड
४२०० ना? आमच्या आबांचा एक बैल लंगडत होता बुवा, आणि ते खत घ्यायला चोपड्यालाच जायचे. विचारून सांगतो.